एमराल्डची कॅसेट ओरिजनल की डुप्लिकेट? गेमबॉयच्या जुन्या कॅसेटी तपासायच्या कशा

'पोकेमॉन एमराल्ड' हा खेळ चालू झाला, नाव टाकलं, पहिला पोकेमॉन निवडला, सेव्हही झालं. म्हणजे कॅसेट ओरिजनल? एवढ्यावरून काहीच ठरत नाही. डुप्लिकेट माल विकणारा पहिल्यांदा 'चालवून बघा ना' असंच म्हणतो, कारण त्या परीक्षेत त्याचा माल जवळजवळ नेहमीच पास होतो.

गेमबॉय म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन. त्यात कॅसेट घातली की ते मुख्यतः एकच चौकशी करतं: कॅसेटच्या सुरुवातीच्या भागात निन्टेन्डोचा लोगो जसाच्या तसा आहे का? जुन्या गेमबॉयमध्ये हा लोगो ४८ बाइटचा, नंतरच्या गेमबॉय ॲडव्हान्समध्ये १५६ बाइटचा. त्याच्यासोबत एक छोटी बेरीज जुळवून पाहिली जाते. दोन्ही जुळलं की खेळ सुरू. यात कुलूप-किल्ली असं काही नव्हतं. लोगो हा ट्रेडमार्क, तो परवानगीशिवाय कॉपी करणाऱ्याला कोर्टात खेचता येईल, एवढाच त्यामागचा हिशेब. बनावट माल करणाऱ्याला कोर्टाची फिकीर नसते. तो अख्खा खेळच कॉपी करतो, त्यात लोगोही आपोआप येतो. म्हणून कॅसेट खरी की खोटी याची साक्ष मशीन देऊ शकत नाही. ती कॅसेटच्या शरीरातून काढावी लागते.

सगळ्या मशीनच्या कॅसेटींना एकच नियम लावता येत नाही, म्हणून इथे मुख्य उदाहरण 'एमराल्ड'चं घेतलं आहे. हा खेळ जपानमध्ये २००४ साली आणि अमेरिका-युरोपात २००५ साली आला. गेमबॉय ॲडव्हान्सच्या ज्या खेळांच्या सर्वाधिक नकला बाजारात फिरतात त्यांत तो येतो. त्याच मशीनवरच्या पोकेमॉनच्या 'रुबी', 'सफायर', 'फायररेड', 'लीफग्रीन' यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात. जुन्या गेमबॉयच्या आणि ॲडव्हान्सनंतर आलेल्या निन्टेन्डो डीएसच्या कॅसेटींबद्दल पुढे थोडं येईलच.

आत काय असायला हवं

नक्कल ओळखायची तर आधी असलमध्ये काय असतं ते माहीत हवं. 'एमराल्ड'च्या हिरव्या बोर्डावर ठळक गोष्टी चार. पहिली, मोठी रॉम चिप. हिच्यात १६ मेगाबाइटचा खेळ कारखान्यात चिप बनतानाच कायमचा कोरलेला असतो, नंतर तो पुसताही येत नाही आणि बदलताही येत नाही. दुसरी, १२८ किलोबाइटची, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी लहान फ्लॅश चिप. तुमचं सेव्ह इथे राहतं. हिला बॅटरी लागत नाही. तिसरी, एस-३५११ ही घड्याळाची चिमुकली चिप आणि तिला ठेका देणारा शेजारचा क्रिस्टल (स्फटिक). चौथी, सीआर १६१६ हा बटण सेल, जो फक्त त्या घड्याळासाठी असतो.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. 'एमराल्ड' सुरू करताना 'द इंटर्नल बॅटरी हॅज रन ड्राय' असा संदेश आला की लोक घाबरतात, विकणाऱ्याला डुप्लिकेट म्हणून परत पाठवतात. उलट आहे. वीस वर्षं जुन्या सेलने राम म्हटलं असेल तर अस्सल कॅसेट हेच सांगणार. सेव्ह नीट राहतं, फक्त वेळेवर चालणाऱ्या गोष्टी थांबतात: लावलेल्या बेरी वाढत नाहीत, भरती-ओहोटी बदलत नाही. पण ज्या नकलांमध्ये घड्याळाची चिपच बसवलेली नसते त्यासुद्धा हाच संदेश दाखवतात. म्हणजे या संदेशावरून ना खरं ठरतं ना खोटं. जी कॅसेट 'नवी कोरी' म्हणून विकली जाते तिने पहिल्याच दिवशी हा संदेश दाखवला, तर मात्र विकणाऱ्याला प्रश्न विचारायला हवेत.

'फायररेड' आणि 'लीफग्रीन'मध्ये घड्याळ नाही, त्यामुळे सेलही नाही. यावरून एक पक्का नियम हाती येतो. 'फायररेड'च्या बोर्डावर बटण सेल दिसला तर ती कॅसेट डुप्लिकेट, पुढचं काही तपासायची गरज नाही. 'झेल्डा: मिनिश कॅप'लाही तेच लागू, त्याचं सेव्ह ईईप्रॉम चिपवर असतं, तिला सेल लागत नाही. कोणत्या खेळात सेल असायला हवा आणि कोणत्यात नको, हे विकत घेण्याआधी शोधून ठेवलं तर निम्मं काम तिथेच होतं.

नक्कल कशी बनते, आणि कुठे फसते

बनावट कॅसेटमध्ये कोरलेली रॉम नसते. तशी चिप बनवायची तर कारखान्यात मोठ्या संख्येने बनवावी लागते. त्याऐवजी पुन्हा लिहिता येणारी स्वस्त फ्लॅश चिप घेतात आणि इंटरनेटवरून उतरवलेला खेळ तिच्यात भरतात. सेव्हसाठी १२८ किलोबाइटची वेगळी फ्लॅश लावणं महाग पडतं, म्हणून खेळाच्या प्रोग्रॅममध्येच फेरफार करून सेव्ह एसरॅम नावाच्या साध्या मेमरीत वळवतात. एसरॅमला वीज मिळाली नाही तर ती सगळं विसरते. मग कोणी सेल लावतो, तर कोणी सेलही वाचवतो आणि सेव्ह केल्यावर तोच मजकूर खेळाच्या फ्लॅशमध्ये एका कोपऱ्यात लिहून ठेवण्याची युक्ती करतो.

या काटकसरीमुळेच नकला सापडतात. 'एमराल्ड'ची सेव्हची जागा प्रत्येकी ४ किलोबाइटच्या ३२ कप्प्यांत विभागलेली आहे. पहिले १४ कप्पे एका सेव्हसाठी, पुढचे १४ दुसऱ्या सेव्हसाठी. खेळ आलटून पालटून एकदा इथे, एकदा तिथे लिहितो, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी आधीचं सेव्ह शाबूत राहतं. त्यापुढच्या दोन कप्प्यांत हॉल ऑफ फेमची, म्हणजे चॅम्पियन झाल्यावरच्या विजेत्या संघाची नोंद. मशीनला एका वेळी यातले ६४ किलोबाइटच दिसतात, म्हणून ३२ कप्पे दोन हिश्श्यांत आहेत आणि चिपला 'आता दुसरा हिस्सा दाखव' असं सांगावं लागतं. स्वस्त नकलेत हा दुसरा हिस्सा नसतो किंवा नीट चालत नाही. दुसऱ्या सेव्हचे बहुतेक कप्पे आणि हॉल ऑफ फेम नेमके त्याच हिश्श्यात येतात.

'एलीट फोर (खेळातले शेवटचे चार तगडे प्रतिस्पर्धी) हरवले, चॅम्पियन झालो आणि सेव्ह उडालं' ही डुप्लिकेट कॅसेटींबद्दलची जुनी तक्रार. तिचं एक मोठं कारण हेच: त्या क्षणी खेळ पहिल्यांदाच हॉल ऑफ फेमच्या कप्प्यांत लिहायला जातो. चाळीस तास खेळल्यावर कळतं की माल खोटा होता. तोवर परत करायची मुदत कधीच संपलेली असते.

म्हणून सेव्हची चाचणी घ्यायची तर एकदा सेव्ह करून भागत नाही. सेव्ह करा, दोन पावलं चाला, पुन्हा सेव्ह करा, म्हणजे दोन्ही जागा वापरल्या जातील. मशीन बंद करून कॅसेट बाहेर काढा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी लावा. एसरॅम काही मिनिटं वीज नसतानाही कधी कधी मजकूर धरून ठेवते, त्यामुळे लगेच चालू करून पाहण्यात अर्थ नाही. सेव्ह व्हायला किती वेळ लागतो तेही बघा. अस्सल 'एमराल्ड'ला पूर्ण सेव्ह लिहायला काही सेकंद लागतात, फ्लॅशवर लिहिणं सावकाशच होतं. बटण दाबताक्षणी 'सेव्ह झालं' असं आलं तर समोर एसरॅम असण्याची शक्यता बरीच. आणि 'द वन एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड' असा अगम्य संदेश दिसला तर खेळाला त्याची १२८ किलोबाइटची फ्लॅश सापडलेली नाही, एवढं समजा. आपल्या हातात चालत असलेल्या अस्सल कॅसेटवर तो येण्याचं कारण नाही. बिघडलेल्या फ्लॅशमुळे येऊ शकतो, पण ते विरळा.

न उघडता

लेबलापासून सुरुवात करतात सगळेच, पण आमच्या मते लेबलावर फार विसंबू नये. छपाई ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे, आणि दर वर्षी ती आणखी चांगली होत चालली आहे. तरी दोन मिनिटं द्यायला हरकत नाही.

लेबलाच्या उजव्या बाजूला, रंगावर छापलेला नव्हे तर कागदात दाबून उठवलेला, दोन आकड्यांचा ठसा असतो. कधी त्यापुढे एखादं अक्षरही असतं, जसं '२२ ए'. समोरून बघाल तर दिसणार नाही. कॅसेट दिव्याखाली तिरपी करून फिरवा, किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. ठसा असला तर वजन खऱ्याच्या बाजूला पडतं. नसला तर संशय, पण लगेच निकाल नको, कारण झिजलेल्या लेबलावर तो पुसट होतो. अलीकडच्या काही नकलांवर ठसा मारलेलाही सापडतो. तो बहुतेकदा जास्तच ठळक असतो आणि एकाच विक्रेत्याच्या सगळ्या कॅसेटींवर एकच आकडा असतो.

लेबलावर खाली कोड असतो. अमेरिकन 'एमराल्ड'चा 'एजीबी-बीपीईई-यूएसए'. 'फायररेड' 'बीपीआरई', 'लीफग्रीन' 'बीपीजीई', 'रुबी' 'एएक्सव्हीई', 'सफायर' 'एएक्सपीई'. डुप्लिकेटवाले एकच कोड वेगवेगळ्या खेळांवर चिकटवतात, ही चूक अजूनही होते. शेवटचं अक्षर भाषा किंवा प्रदेश सांगतं. लेबल जपानी आणि खेळ इंग्रजीत सुरू झाला, तर पुढे बोलायलाच नको. 'एमराल्ड'चं खरं लेबल चमचमणाऱ्या फॉइलचं असतं. साधा गुळगुळीत कागद दिसला तर ते लेबल तरी नक्कीच नंतरचं.

प्लास्टिक लेबलापेक्षा जास्त बोलतं. 'रुबी', 'सफायर', 'एमराल्ड' यांच्या खोक्यांचं, म्हणजे कॅसेटच्या कवचाचं, प्लास्टिक पारदर्शक रंगीत आहे. वरच्या बाजूला उठावात 'गेमबॉय ॲडव्हान्स' लिहिलेलं असतं. नकलेत ही अक्षरं बारीक, उथळ किंवा कडेला पसरट झालेली दिसतात. शेजारी एखादी खात्रीची जुनी कॅसेट ठेवून बघितलं की फरक पटकन कळतो, मग ती कुठल्याही स्वस्त, कोणालाच नको असलेल्या खेळाची असली तरी चालेल. अशा खेळांच्या नकला कोणी करत नाही. तुलनेसाठी एखादी घेऊन ठेवण्यासारखी वस्तू आहे ती.

पारदर्शक प्लास्टिकचा आणखी एक फायदा. मागून टॉर्च धरला की बोर्डाची सावली दिसते. 'एमराल्ड'मध्ये सेलचा गोल दिसायला हवा. दिसला नाही तर सेल कोणीतरी काढला आहे किंवा तो कधी नव्हताच.

मागचा स्क्रू बघा. गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटला तीन पाकळ्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारख्या खाचेचा स्क्रू असतो. जुन्या गेमबॉयच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा, डोक्यावर सहा खोबणी असलेला खास स्क्रू. तिथे साधा चौफुलीचा स्क्रू दिसला तर एकतर माल डुप्लिकेट आहे किंवा आधी कोणीतरी सेल बदलताना मूळ स्क्रू हरवला आहे.

आता न उघडता करता येणारी सर्वात उपयोगी तपासणी. कॅसेटचं पिनांचं तोंड वर करा आणि आत उजेड टाका. सोनेरी पट्ट्यांच्या जरा आत, बोर्डावर 'निन्टेन्डो' हा शब्द लिहिलेला दिसला पाहिजे. बहुतेक नकलांमध्ये ती जागा कोरी असते किंवा तिथे नुसती छिद्रांची रांग दिसते. काहींनी शब्द छापायला सुरुवात केली आहे, पण अक्षरांचं वळण जुळत नाही. पट्ट्याही बघा: अस्सल पट्ट्या सारख्या रुंदीच्या, सपाट, एकसारख्या सोनेरी. नकलेत कधी रंग चंदेरी, कधी पट्टीवर कथलाचे उंचवटे. बोर्डाची कड अस्सलमध्ये तासून उतरती केलेली असते, म्हणजे आत शिरताना मशीनच्या पिना नीट वर चढतात. नकलेत कड चौकोनी राहते आणि प्रत्येक वेळी कॅसेट घालताना मशीनच्या पिना खरवडते. पोरांच्या हातात द्यायची कॅसेट असली तर हा मुद्दा खऱ्याखोट्याच्या वादापेक्षा महत्त्वाचा.

उघडून

शंका उरली आणि पैसे बरेच गेले असतील तर उघडाच. तीन पाकळ्यांचा छोटा पेचकस मोबाइल दुरुस्तीच्या संचात असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत असा संच सहज मिळेल. ३.८ मिलिमीटरचं टोक मात्र वेगळं मागावं लागतं, नेहमीच्या संचात ते नसतं. पेचकस स्क्रूमध्ये घट्ट दाबून मगच फिरवा, नाहीतर खाच गोल होते आणि मग तो स्क्रू निघणं कठीण. स्क्रू निघाल्यावर दोन्ही भाग जोर लावून फाकवू नका. वरची कड खाचेत अडकलेली असते, हलकेच सरकवली की सुटते. बोर्डाला हात लावण्याआधी एखाद्या जमिनीला जोडलेल्या धातूला स्पर्श करा आणि बोर्ड कडेने धरा.

अस्सल बोर्डावर कंपनीचं नाव, वर्ष आणि 'एजीबी'ने सुरू होणारा बोर्ड क्रमांक नीट छापलेला असतो. जुन्या गेमबॉयमध्ये तो 'डीएमजी'ने सुरू होतो. चिपांवर बनवणाऱ्याचं नाव स्पष्ट असतं. फ्लॅशवर मॅक्रोनिक्स किंवा सान्यो हे नेहमीचे. रॉमवर सहसा त्या खेळाचा कोडही सापडतो. सेल पत्र्याच्या पट्ट्यांना वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेला असतो आणि त्या पट्ट्या बोर्डाला सोल्डर केलेल्या. सोल्डर यंत्राने केलेलं, सारखं आणि चकचकीत.

नकलेत काय दिसतं? कधी चिपच्या जागी गोंदाचा काळा, कडक थेंब. उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवून वरून ओतलेला राळेचा गोळा तो. कधी चिपवरची अक्षरं घासून काढलेली. कधी बोर्डावर कुणाचंच नाव नाही, नुसती तारीख किंवा अनोळखी क्रमांक. सेल थेट सोल्डरने चिकटवलेला, आजूबाजूला न पुसलेल्या फ्लक्सचे, म्हणजे सोल्डर करताना लावायच्या चिकट पदार्थाचे, पिवळट डाग. पण सेल हाताने सोल्डर केलेला दिसला म्हणून घाई नको. जुन्या कॅसेटचा सेल बदलणं ही नेहमीची दुरुस्ती आहे, आणि चांगला कारागीर पट्ट्या असलेला नवा सेल लावतो, घाईतला माणूस वायरीने जोडतो. बोर्ड अस्सल असला की कॅसेट अस्सल. विक्रेत्याने 'दुरुस्त केली आहे' असं सांगायला हवं होतं, एवढंच.

त्याचप्रमाणे खरा बोर्ड नकली खोक्यात घातलेला सापडतो, कारण बाजारात सुटी खोकी आणि लेबलं मिळतात. याच्या उलटही होतं: खऱ्या, थोड्या झिजलेल्या खोक्यात खोटा बोर्ड. ही दुसरी जात जास्त धोक्याची, कारण बाहेरच्या सगळ्या तपासण्या ती पास होते. म्हणूनच महागड्या खेळासाठी आम्ही बोर्डाचा फोटो मागायला सांगतो. लेबल, खोकं आणि बोर्ड यांत भांडण असेल तर बोर्डाचं ऐकायचं.

काळ्या थेंबाबद्दल एक अपवाद. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या जपानी मशीनच्या काही अस्सल कॅसेटींमध्येही असा थेंब असतो. त्यामुळे 'थेंब म्हणजे खोटी' हा नियम गेमबॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉनपुरता ठीक, सगळीकडे नाही. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम'बरोबर ज्या ६० पिनांच्या कॅसेटी घरोघरी आल्या, '९९९९९९ इन १' लिहिलेल्या, त्यांना या लेखातलं काहीच लावू नका. त्या फॅमिकॉमच्या नकलांसाठी बनलेल्या, जवळपास सगळ्याच विनापरवाना होत्या. माळ्यावर सापडली तर आठवण म्हणून जपा, ओरिजनल म्हणून विकायला काढू नका.

संगणकाला जोडून

ज्यांच्याकडे बऱ्याच कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी जीबीएक्सकार्टसारखं यूएसबीचं रीडर फायद्याचं. त्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हा मोफत प्रोग्रॅम चालतो. तो कॅसेटमधला खेळ वाचून त्याची गणिती खूण अस्सल खेळांच्या यादीशी ताडून बघतो. खूण जुळली नाही तर एकतर पिना मळलेल्या आहेत किंवा खेळात फेरफार आहे. आधी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, वाळू द्या, पुन्हा वाचा. तीनदा वाचून दर वेळी वेगळी खूण आली तर दोष संपर्काचा. दर वेळी एकच, पण चुकीची आली तर फेरफाराचा. सेव्हसाठी प्रोग्रॅम बदललेल्या नकला इथे हमखास पकडल्या जातात.

खूण जुळली तरी काम संपत नाही, कारण काही महाग नकलांमध्ये खेळ न बदलता भरलेला असतो. मग दुसरा प्रश्न विचारायचा: ही चिप पुन्हा लिहिता येते का? फ्लॅश चिपला एक ठरावीक हुकूम दिला की ती स्वतःची ओळख सांगते. कारखान्यात कोरलेली रॉम त्या हुकमाकडे ढुंकूनही बघत नाही, खेळाचाच मजकूर परत देते. 'एमराल्ड' म्हणून घेतलेल्या कॅसेटच्या रॉमने स्वतःची फ्लॅश म्हणून ओळख करून दिली की वाद मिटला. हे करताना प्रोग्रॅममधलं पुसण्याचं किंवा लिहिण्याचं बटण चुकून दाबू नका, आणि सगळ्याच्या आधी सेव्हची प्रत काढून ठेवा.

रीडर नसेल पण निन्टेन्डो डीएस किंवा डीएस लाइट आणि डीएसवरच्या पोकेमॉनच्या 'डायमंड', 'पर्ल', 'प्लॅटिनम' यांपैकी एखादा खेळ त्याच भाषेतला असेल, तर तीही एक परीक्षा आहे. डीएसच्या खेळात नॅशनल पोकेडेक्स (सगळ्या पोकेमॉनची यादी) मिळाल्यानंतर खालच्या खाचेत 'एमराल्ड' लावून डीएसचा खेळ सुरू केला की मुख्य यादीत 'एमराल्डमधून स्थलांतर' असा पर्याय यायला हवा. डीएसचा खेळ तिथे थेट सेव्हच्या फ्लॅशशी बोलतो, त्यामुळे एसरॅमवाल्या नकला बहुधा इथे अडकतात. पर्याय दिसला की पुरे, पुढे जाऊ नका. स्थलांतर केलेले सहा पोकेमॉन जुन्या कॅसेटमधून कायमचे जातात. डीएसआय आणि थ्रीडीएस या पुढच्या मशीनना ही खाचच नाही.

जुन्या आणि नव्या कॅसेटींबद्दल थोडं

जुन्या गेमबॉयच्या पोकेमॉन 'गोल्ड', 'सिल्व्हर', 'क्रिस्टल'मध्ये सीआर २०२५ सेल घड्याळही चालवतो आणि सेव्हही धरून ठेवतो. सेल संपला की सेव्ह गेलं, हे इथे अस्सलचंच लक्षण. खोक्याचा आकार बघा: मूळ गेमबॉयवर चालणाऱ्या कॅसेटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खाच असते, बटण चालू केल्यावर मशीनचा खटका तिच्यात शिरतो. 'क्रिस्टल' फक्त कलर गेमबॉयसाठी आहे, म्हणून तिला खाच नाही. खाच असलेली 'क्रिस्टल' दिसली तर खोकं तरी नक्कीच खोटं. या कॅसेटी ५ व्होल्टवर चालतात आणि आजच्या स्वस्त फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज उतरवणारे भाग न घालता चिप थेट जोडली तर चिपवर ताण येतो, आयुष्य घटतं, आणि मशीनलाही ते चांगलं नाही. ॲडव्हान्सच्या कॅसेटी मुळात ३.३ व्होल्टच्या असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

डीएसच्या पोकेमॉन 'हार्टगोल्ड', 'सोलसिल्व्हर', 'ब्लॅक', 'व्हाइट'मध्ये कॅसेटच्या आतच इन्फ्रारेडचा भाग आहे. त्यासाठी प्लास्टिक काळपट पण प्रकाश झिरपू देणारं आहे, तीव्र उजेडासमोर धरलं की लालसर दिसतं. नेहमीच्या अपारदर्शक प्लास्टिकमध्ये 'हार्टगोल्ड' मिळाली तर ती डुप्लिकेट. यांचे कोड इंग्रजी आय अक्षराने सुरू होतात, 'हार्टगोल्ड'चा 'आयपीकेई'. पुढच्या लेबलावरची ही चार अक्षरं मागच्या बाजूच्या क्रमांकातही यायला हवीत. 'हार्टगोल्ड' किंवा 'सोलसिल्व्हर'सोबत येणारं पोकेवॉकर हे पावलं मोजणारं छोटं यंत्र हाताशी असेल तर त्या खेळांना जोडून बघा. इन्फ्रारेड नसलेली नक्कल त्याच्याशी बोलूच शकत नाही.

घेताना

विक्रेत्याकडून फोटो मागताना 'अजून फोटो पाठवा' असं मोघम म्हणू नका. लेबलाचा समोरून एक, बाजूने उजेड मारून एक, मागची बाजू, पिनांच्या तोंडातून आतला, आणि शक्य असेल तर उघडून बोर्डाच्या दोन्ही बाजू. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे फोटो दुसऱ्याचा उचललेला नाही हे कळेल. 'पेचकस नाही' हे कारण एक वेळ चालेल. पिनांचा फोटो द्यायला नकार मिळाला तर पैसे खिशातच ठेवा.

एकाच विक्रेत्याकडे एकाच खेळाच्या दहा-बारा कोऱ्या कॅसेटी, किंमत इतरांच्या एक चतुर्थांश, वर्णनात 'रीप्रो' (नव्याने बनवलेली प्रत) किंवा 'आफ्टरमार्केट' (मूळ कंपनीची नसलेली) हे शब्द: या खुणा बोलक्या आहेत. पण रीप्रो सांगून विकलेली कॅसेट ही फसवणूक नाही. गेमबॉय ॲडव्हान्सचा 'मदर ३' हा खेळ जपानबाहेर कधीच आला नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी केलं, त्यामुळे इंग्रजीतली प्रत्येक 'मदर ३' कॅसेट घरगुतीच असणार. ती 'ओरिजनल' म्हणून जुनी किंमत लावून विकली, तर मात्र फसवणूक.

परदेशातून मागवणाऱ्या आपल्या लोकांची एक नेहमीची अडचण. कॅसेट अमेरिकेतल्या भावाच्या नाहीतर मावशीच्या पत्त्यावर मागवायची आणि ते दिवाळीत आले की घ्यायची, हा रिवाज. ईबेवर वस्तू पोहोचल्यापासून साधारण ३० दिवसांतच तक्रार करता येते, आणि ती मुदत तिकडे पोहोचल्या दिवसापासून धावायला लागते. तेव्हा पाकीट हातात पडताच त्यांनाच ते उघडायला सांगा. टॉर्च धरून पिनांच्या तोंडाचा आणि लेबलाचा फोटो लगेच मागवून घ्या. मावशींना पेचकस धरायला लावायची गरज नाही, 'निन्टेन्डो' हा शब्द दिसतो का एवढं त्या सांगतील. तो दिसला नाही तर तक्रार तिथूनच, त्याच आठवड्यात करा, आणि जोडलेल्या फोटोत तो कोरा भाग लाल गोल करून दाखवा.